मनातले सात ‘तर’

वाचकाचं पत्र:

माई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. वय ४१, शिक्षण दहावी. घरात मिस्टर, सासूबाई आणि मी. चार एकर जमीन आहे, विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं. दोन एकरांत पावसाआधीच, कोरड्या मातीत कपाशीची धूळपेरणी करून बसलोय आणि मृग कोरडा चाललाय. मुलगा २२ वर्षांचा आहे, सुरतेला उधन्यात लूमवर कामाला. तिकडे काम कमी झालंय असं ऐकते, तो फोन उचलत नाही. मिस्टर हंगामात जिनिंगला जातात, यंदा बोलावतील की नाही सांगता येत नाही. मला रात्री झोप लागत नाही. आमच्या गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई म्हणाल्या, मनातलं वहीत लिहीत जा, हलकं वाटेल. आठ दिवस लिहिलं. हलकं वाटणं राहिलं बाजूला, धडधड जास्तच वाढली. मिस्टर म्हणाले, कागद काळे करून पाऊस पडतो का? ते स्वतः रात्री अंगणात बसून राहतात, बोलत नाहीत. घर दोन खोल्यांचं, वही लपवायची कुठे हाही प्रश्नच. लिहिण्याचा खरंच काही उपयोग असतो का, की हे शिकलेल्या बायकांचं खूळ?

– एक वाचक

ताई,

आधी मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. नाही, कागद काळे करून पाऊस पडत नाही. पडत असता तर मी एव्हाना अख्ख्या खान्देशाला पुरून उरले असते, इतके कागद आजवर काळे केलेत.

तुमचं पाच पानी पत्र मी तीनदा वाचलं, वर त्यातलं थोडंच छापलंय. मुलाच्या जुन्या प्रयोगवहीची पानं तुम्ही वापरलीत. एका पानामागे जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद आहे, पट्टीने रेघा ओढून नावं दिलेला. पोराचा हात चांगला आहे. तिसऱ्या पानावर तुमचं एक वाक्य आहे, ते वर छापलं नाही, कारण त्याच्याबद्दल सावकाश बोलायचं होतं. ते असं:

“पाऊस लांबला तर बी जाईल, बी गेलं तर दुबार पेरायला पैसे लागतील, पैसे लागले तर परत सोसायटीच्या दारात जावं लागेल, तिथं नाही म्हणाले तर सावकार आहेच आणि तिकडे उधन्याचं काम सुटलं तर पोरगा घरी येईल, तो आला तर त्याचं लग्न लांबेल, लग्न लांबलं तर लोक काय म्हणतील”

शेवटी पूर्णविरामही नाही. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘तर’ला गोल केला. सात निघाले.

रात्री दोन वाजता डोक्यात हे असंच चालतं. रहाटाच्या पोहऱ्यांसारखं, एक रिकामा होतो न होतो तोच दुसरा भरून वर येतो. ‘लोक काय म्हणतील’पर्यंत पोचल्यावर तरी डोळा लागावा, तर मन फिरून पावसापाशी येतं आणि दुसरी फेरी सुरू. आता ते वाक्य पुन्हा बघा. सातांपैकी जमिनीवर पाय टेकून उभे आहेत ते दोनच, पहिला आणि पाचवा: पाऊस आणि उधन्याचं काम. बाकीचे पाच या दोघांच्या खांद्यावर चढून बसलेत. डोक्यात असताना हे दिसत नाही, तिथे सातही सारखेच मोठे वाटतात. कागदावर आले की दिसतं.

मग आठ दिवस लिहून धडधड का वाढली? माझा अंदाज असा की त्या आठ दिवसांत तुम्ही वहीत रहाटच फिरवलात. चुकताय असं म्हणत नाही, मीही तेच केलं होतं. २०२१च्या एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ करोनाने दवाखान्यात होता. आत कोणाला सोडत नव्हते, दिवसातून एकदा फोन यायचा आणि तोही कधी यायचा नाही. मी रोज रात्री वही घेऊन बसायची आणि लिहायची, ‘दादाला काही होऊ नये, दादाला काही होऊ नये.’ पान भरायचं. पहिल्या रात्री रडू आलं, बरं वाटलं. पाचव्या रात्री हात थरथरायला लागला. मग एक दिवस तिथल्या एका सिस्टरने फोनवर सांगितलं, “मावशी, माझ्याकडे दोनच मिनिटं असतात, काय विचारायचं ते आधी ठरवून ठेवा.” त्या रात्री मी वहीत पहिल्यांदा दुसरं काहीतरी लिहिलं: ऑक्सिजन किती आला? जेवला का? पालथं झोपवतात का? उशाशी चार्जर पोचला का? चार ओळी, चार प्रश्न. झोप आली असं नाही, पण हात थांबला. दादा आज ठणठणीत आहे. तो डॉक्टरांमुळे, माझ्या वहीमुळे नाही, हेही सांगून ठेवते.

हा विषय तपासून बघितलेली माणसं आहेत. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकारी सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस लिहायला बसवलं. काहींना साध्यासुध्या विषयांवर, काहींना आयुष्यातल्या सगळ्यात जड गोष्टीवर. जड गोष्टीवर लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याझाल्या जास्त वाईट वाटलं, अगदी तुम्हाला वाटलं तसं. पण ज्यांनी काय घडलं तेही लिहिलं आणि त्याचं काय वाटलं तेही लिहिलं, ती मुलं पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले. सगळ्यांचा मेळ घातला तर फायदा होतो, पण थोडा होतो. ‘हलकं वाटेल’ असं आशाताई म्हणाल्या ते खोटं नाही, जरा घाईचं आहे. शिवाय ती मुलं चारच दिवस लिहीत होती. जन्मभर रोज रात्री छाती पिटत लिहा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पेनेबेकरनाच नंतर आणखी एक दिसलं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जे तेच तेच लिहितात त्यांना फारसा फायदा होत नाही. ज्यांच्या लिहिण्यात हळूहळू ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळलं’ असे शब्द यायला लागतात, त्यांना होतो.

म्हणजे ‘तर’कडून ‘म्हणून’कडे जायचं. सांगायला सोपं आहे. करायचं कसं ते तुमच्याच वाक्यावर करून दाखवते.

पहिला ‘तर’ घ्या. ‘पाऊस लांबला तर बी जाईल.’ इथे पूर्णविराम द्या. खाली एक ओळ सोडा आणि स्वतःला विचारा, हे मला कोणी सांगितलं? मी शाळेत मराठी शिकवलेली बाई, मला शेतीतलं काय कळणार, म्हणून पारोळ्याकडे कपाशी करणाऱ्या माझ्या भाच्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, “माई, खडखडीत कोरड्या मातीत बी नुसतं पडून राहतं, मुंग्या-खारी थोडं नेतील तेवढंच. भीती अर्धवट पावसाची. एक हलकी सर पडायची, बी फुटायचं आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं.” बघा, इतक्या रात्री तुम्ही ज्या वाक्याला घाबरलात ते वाक्यच नीट नव्हतं. भीती खरी आहे, पण ती वेगळी आहे आणि तिची वेळही वेगळी आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. तुम्ही पेरून बसलात, आता ते उगाळण्यात अर्थ नाही. भाच्याने आणखी एक सांगितलं. भांड्याकुंड्याच्या सांडपाण्यावर शे-दोनशे छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कपाशीची रोपं करून ठेवा, शेतात उगवण विरळ झाली तर नांग्या, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा, भरायला कामी येतात. हे मात्र आज करता येण्यासारखं आहे. वहीत लिहायचं ते हे: ‘पिशव्या आणणे. माती भरणे.’

दुसरा ‘तर’: ‘दुबार पेरायला पैसे लागतील.’ किती? तुमच्या पाच पानी पत्रात आकडा कुठेच नाही. काळजी आकड्याला घाबरते, म्हणून ती ‘पैसे’ म्हणते आणि गप्प बसते. दोन एकर, एकरी बियाण्याची दोन पाकिटं, बीटीचं पाकीट हल्ली नऊशेच्या घरात. चार पाकिटांचे ३६००. लावणीची मजुरी तुमच्या गावातला जो भाव असेल तो, ती तुम्हालाच माहीत, तीही खाली मांडा. बेरीज करा. ती छोटी आहे असं मी म्हणणार नाही, कोरड्या जूनमध्ये कुठलीच रक्कम छोटी नसते. पण आत्तापर्यंत तुम्ही सावकारापर्यंत जाऊन आलात ते किती पैशांसाठी, हे तरी कळेल. कदाचित त्यातले निम्मे भिशीतून निघतील. कदाचित निघणार नाहीत. तेही लिहा.

तिसरा, चौथा मी सोडून देते. ते पहिल्या दोघांवर चढलेले आहेत, खालचे हलले की आपोआप उतरतील.

पाचवा उधन्याचा. इथे मला तुम्हाला जरा रागवायचंय. सुरतेच्या लूमवर बारा-बारा तासांची पाळी असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसून गेलेलं पोरगं तुमच्या गावात घरटी एक असेल. तुम्ही लिहिता, रोज सकाळी नऊला फोन लावते, उचलत नाही. अहो, रात्रपाळी करून सातला खोलीवर आलेला मुलगा नऊला गाढ झोपेत असणार. गेल्या महिन्यात त्याने कधी उचलला, कोणत्या वारी, किती वाजता, हे एका ओळीत मांडा. मला वाटतं एक वेळ निघेल. तिथे काम किती कमी झालंय हेही ऐकीव आहे. त्याला एकच प्रश्न विचारा: आठवड्याला किती दिवस लूम चालतो? ‘तू येणार का, लग्नाचं काय, आम्ही कसं करायचं’ हे सगळं एका फोनमध्ये कोंबलं की कोणताही मुलगा उचलायचा बंद होतो. ते सगळं आधी वहीत त्याच्या नावाने लिहून काढा, रागावून लिहा, रडून लिहा. ते पान त्याला द्यायचं नाही. मग फोन लावा.

राहिलेले दोन लग्नाचे. ‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तर वहीत मिळत नाही, मी चाळीस वर्षं शोधतेय. पुढे जाऊ.

लिहायचं कधी, यावर मी ठाम आहे: अंथरुणावर नाही. थॉमस बॉर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली अति काळजी करणाऱ्यांसाठी एक युक्ती मांडली. दिवसातला अर्धा तास काळजीचा म्हणून ठरवायचा. रोज तीच वेळ, तीच जागा. बाकी वेळी काळजी आली की तिला सांगायचं, तुझी वेळ संध्याकाळी, तेव्हा ये. आणि त्या अर्ध्या तासात खरोखर बसायचं, टाळायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण दारावर येणाऱ्याला ‘उद्या या’ म्हणायची आपल्याला सवय आहेच, काळजीलाही तेच. तुमच्या घरात अशी वेळ कोणती असेल ते तुम्ही बघा. मला वाटतं, दुपारी भांडी आटोपल्यावर सासूबाई लवंडतात ती.

आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं, फक्त उद्याची कामं. यावरही एक प्रयोग आहे. अमेरिकेत बेलर विद्यापीठातल्या मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत काय करायचंय ते लिहिलं, निम्म्यांनी काय काय करून झालं ते. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. आणि ज्यांनी कामं जितकी बारकाईने लिहिली, तितकी झोप लवकर. ‘शेताचं बघणे’ असं नको. ‘पिशव्या आणणे, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल संपलंय, संध्याकाळी पाचला उधन्याला फोन’, असं.

नऊ मिनिटं म्हणजे काय मोठं, असं म्हणाल. छताकडे बघत काढलेली नऊ मिनिटं किती लांब असतात ते तुम्हाला सांगायला नको.

आमचे नाना धुळ्याला कापसाच्या आडतीवर दिवाणजी होते. लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी, एका बाजूला जमा, एका बाजूला नावे, खाली शिल्लक. रोजमेळ जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही हा नियम. एकदा साडेतीन रुपये जुळेनात, तर नाना रात्री साडेअकराला घरी आले, आई दारात उभी. पण जुळलं की ते चोपडी फडक्यात बांधायचे, गाठ मारायचे आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. कापसाचा भाव कोसळला असला तरी नाही. लहानपणी मला वाटायचं, नानांना काळजीच नाही. आता कळतं, काळजी त्या फडक्यात बांधलेली असायची. तुम्हीही फडकं वापरा. जुन्या साडीचा काठ चालेल. लिहून झालं की गाठ.

भाषेबद्दल. तुम्ही लिहिलंय, अक्षर खराब आहे, शुद्धलेखन येत नाही. पण चौथ्या पानावर मध्येच एक ओळ आली, ‘माले रातले झोप येत नही’. सबंध पत्रातली सगळ्यात सरळ ओळ तीच. बाकी ठिकाणी तुम्ही पुस्तकी मराठीत चालायचा प्रयत्न केलात, तिथे अडखळलात. काळजी तुमच्याशी ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत तिला उत्तर द्या. वही अहिराणीतच लिहा. मी शिक्षिका होते, आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावली, तीच मी तुम्हाला सांगतेय की या वहीत ऱ्हस्व-दीर्घ माफ.

आणि सासूबाई. त्या रात्री अंधारात पुटपुटत असतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून हे त्यांच्यासाठी नाही असं समजू नका. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या म्हणत गेल्या आणि लिहून घेतलं घरच्यांनी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, १८ रविवार, १८ अध्याय. ते उतरवून घेतलं साने गुरुजींनी, अमळनेरच्या शाळेत शिकवणारे गुरुजी, म्हणजे तुमच्याच भागातले. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. एखाद्या दुपारी सासूबाईंना विचारा, १९७२च्या दुष्काळात तुम्ही काय केलं? महाराष्ट्रातला फार मोठा दुष्काळ तो, दुष्काळी कामांवर लोकांनी खडी फोडली. त्यांच्या वयाच्या बाईला तो आठवत असणार. त्या सांगतील, तुम्ही लिहा. त्यांचं मन मोकळं होईल, आणि ‘मग तुम्ही काय केलं?’ या प्रश्नाची खरी उत्तरं तुम्हाला घरबसल्या मिळतील. जाता जाता, तुमची वही कोणी वाचेल ही भीतीही कमी होईल. सासूबाईंच्या गोष्टींची वही म्हणून ती उघड्यावर राहू शकते, मागून उलटी धरली की तुमची.

ते नको असेल तर फाडून टाका. मी मस्करी करत नाही. पेनेबेकरच्या प्रयोगातल्या मुलांची पानंही कोणी त्यांना वाचून दाखवली नव्हती की त्यांच्याशी त्यावर बोललं नव्हतं. लिहिणं होऊन गेलं की त्याचं काम झालं. आकड्यांची आणि कामांची पानं ठेवा, बाकीची चुलीत घाला. कोठीत, गव्हाच्या डब्यात, पेटीच्या तळाशी लपवण्यापेक्षा चूल बरी. आणि एखाद्या विषयाला हात घातला की जीव घाबरा होत असेल, छाती भरून येत असेल, तर तो विषय त्या दिवशी सोडून द्या. वहीला सगळं सांगायलाच हवं असं बंधन नाही.

दोन-तीन आठवडे असंच गेलं, झोप नाहीच, जेवण जात नाही, उठावंसं वाटत नाही, तर मग हा वहीचा मामला नाही. सरकारची टेलि-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आशाताईंनाही सांगा, त्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवतील. बीपी तपासून घ्या, या वयात धडधड नुसती मनाची असेलच असं नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी खरं तर मी पत्र तिसऱ्यांदा वाचलं. पाच पानांत पावसावर दीड पान आहे, मुलावर एक पान. मिस्टरांच्या गप्प बसण्यावर एकच ओळ: ‘ते स्वतः रात्री अंगणात बसून राहतात, बोलत नाहीत.’ सातही ‘तर’ तुमच्या डोक्यात आहेत तसे त्यांच्याही आहेत, फक्त त्यांना पेन धरायचं नाही. कागद काळे करून पाऊस पडतो का, हे तुम्हाला टोमणा वाटलं. मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. ज्याला काहीच उपयोगाचं वाटेनासं झालंय त्याचं.

मी उगाच घाबरवत नाही. बऱ्याचदा माणूस नुसता थकलेला असतो. पण खात्री करून घ्या. त्यांना वही देऊ नका, घेणार नाहीत. सरळ विचारा: काय चाललंय मनात? कधी नकोसं वाटतं का सगळं? जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. विचारल्याने उलट माणसाला सांगायला जागा मिळते. ‘हो’ म्हणाले, किंवा गप्प राहिले आणि ते गप्प राहणं तुम्हाला बरं वाटलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका, तेव्हाच १४४१६ ला फोन लावा, गावातला एखादा त्यांचा विश्वासाचा माणूस बोलावून घ्या. आणि काही असो वा नसो, फवारणीची औषधं घरात किंवा गोठ्यात उघडी असतील तर आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे. हे पिशव्यांच्याही आधीचं काम.

तुम्ही त्यांना आकडे दाखवलेत तर मला वाटतं ते बोलतील. पुरुष माणूस भावनेवर गप्प बसतो, पण चार पाकिटांचा हिशेब चुकला की लगेच दुरुस्त करतो. मजुरी मुद्दाम थोडी चुकवून सांगा.

आज रात्री ते अंगणात बसले की दोन कप चहा करा आणि खाटेवर शेजारी जाऊन बसा. वही आत राहू द्या.

– माई